समोशाच्या पारीला फोड का येतात? (मामांच्या पंचाहत्तरीचे साठ समोसे)

पूर्णाकाठ (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी आमच्या मामांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, पंचाहत्तरी आहे. घरचीच पन्नासेक माणसं येतील. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्यांना विचारलं, "गोडात काय करायचं?" मामा म्हणाले, "गोड तुम्हाला आवडंल ते करा. मला समोसा-कट पाहिजे."

नोकरीच्या काळात मामा रोज एसटीनं जिंतूरहून परभणीला जायचे. परतताना स्टँडजवळच्या एका हॉटेलात बसून प्लेटमध्ये समोसा फोडायचा, त्यावर गरम कट घ्यायचा, वर चिरलेला कांदा. मग दोन समोसे कागदात बांधून पोरांसाठी घरी. ते हॉटेल बंद होऊन बरीच वर्षं झाली. मामांना गुडघ्यांमुळे आता बाहेर पडवत नाही. विकतचे मागवा असं सगळे म्हणाले, पण मला हे काम माझ्या हातून व्हायला हवंय.

आतापर्यंत तीनदा करून पाहिले आणि तिन्ही वेळा जमले नाहीत. वरून सगळीकडे बारीक फोड येतात. कढईतून काढले की कुरकुरीत असतात, तासाभरात पोळीसारखे मऊ पडतात. टोकाला जिथे पारीचे थर एकावर एक येतात तिथे पीठ कच्चं राहतं. माझं प्रमाण असं: पाव किलो मैदा, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन, ओवा, मीठ. पोळीच्या कणकेइतपत मळते. तेल पुरीला तापवतो तसं. सारणात आलू, मटार, कांदा, हिरवी मिरची. तळून झाले की स्टीलच्या डब्यात झाकून ठेवते.

आणखी एक. माझी मुलगी सातवीत आहे. तिनं विचारलं, समोसा आपला का उत्तरेतला? मला धड उत्तर देता आलं नाही. कुणाला माहिती असेल तर तेही सांगा.

बालाघाटी (सोमवार, रात्री १०.२५)

ताई, आमचं अंबाजोगाईला तीस वर्षं हॉटेल होतं. वडील आणि एक कारागीर भट्टीवर, मी शाळेतून आलो की आलू सोलायला. तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक ओळीत एक-एक चूक दिसतेय, म्हणून सविस्तर लिहितो.

मोहन फार कमी पडलंय. एक किलो मैद्याला २०० ते २२० ग्रॅम तूप किंवा तेल लागतं, म्हणजे तुमच्या पाव किलोला ५० ते ५५ ग्रॅम. ते मैद्यात दोन्ही तळहातांनी पाच-सात मिनिटं चोळायचं. मूठ आवळली की लाडू वळला पाहिजे आणि बोटानं ढकलला की फुटला पाहिजे. कारागीर आधी ही मूठ बघायचा आणि मगच पाण्याला हात लावायचा.

पाणी किलोला ३५० ते ४०० मिली, तेही थोडं-थोडं. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा कितीतरी घट्ट हवं, अंगठा दाबला तर जोर लागावा. पीठ गोळा झालं की थांबायचं, मऊ करण्याच्या नादात मळत बसायचं नाही. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायचं.

लाटी ५० ग्रॅमची. किलोभर मैद्यात बत्तीसेक लाट्या होतात, एका लाटीचे दोन समोसे, म्हणजे तुमचे साठ त्यात बसले. पारी लांबट लाटायची, पुरीपेक्षा किंचित जाड, सगळीकडे सारखी. सुरीनं मधून कापायची. सरळ कडेला पाण्याचं बोट फिरवून द्रोण करायचा. पाऊण भाग मसाला भरायचा. तोंड बंद करण्याआधी मागच्या बाजूला एक चुणी घ्यायची, तिच्यामुळे समोसा ताटात उभा बसतो. सांधा नीट दाबायचा. टोक कच्चं राहतं ते द्रोण करताना पारी एकावर एक जास्त चढवल्यामुळे. अर्ध्या बोटाएवढीच चढवा.

भरलेले समोसे पंधरा-वीस मिनिटं उघडे ठेवा. वरचा ओलसरपणा जाऊ द्या.

आता तेल. तेल पुरीइतकं तापलं तिथेच समोसा बिघडला. पिठाची गोळी टाकली की ती तळाला बसली पाहिजे, तिच्याभोवती बारीक बुडबुडे आले पाहिजेत, आणि मग सावकाश वर यायला हवी. समोसे सोडल्यावर दोन-तीन मिनिटं झारा लावायचा नाही. मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटं. शेवटची दोन मिनिटं आच वाढवून रंग आणायचा. वडील कढईजवळ कुणाला घाई करू द्यायचे नाहीत. गिऱ्हाईक ओरडत असलं तरी त्याला चहा पाजायचे, पण आच वाढवायचे नाहीत.

झाकून ठेवणं आजपासून बंद करा. जाळीवर किंवा पाटीत कागद घालून उघडे ठेवा.

फूडटेकवाला (मंगळवार, सकाळी ७.५५)

बालाघाटी दादांनी हातानं शिकलेलं सांगितलं, त्यामागचं कारण मी सांगतो. मी परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्र शिकलो.

मैद्यात साधारण १० टक्के प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की त्यांची ग्लुटेन नावाची लवचीक जाळी तयार होते. पोळीला ती हवी असते, तिच्यामुळेच पोळी फुगते. समोशाला ती नको. तूप मैद्याच्या कणांवर चढून बसतं, पाणी आत पोचू देत नाही आणि जाळीचे धागे आखूड राहतात. म्हणून पारी खुसखुशीत होते. मोहन कमी, पाणी जास्त आणि मळणं भरपूर, या तिन्ही गोष्टी ताईंच्या पिठात एकदम झाल्या.

फोड येतात ते वाफेमुळे. तेल कडक असलं की पारीचा वरचा पापुद्रा लगेच घट्ट होतो, आतल्या पाण्याची वाफ कोंडते आणि पापुद्रा उचलते. तेल १४० अंशांच्या आसपास असलं तर वाफ हळूहळू निघून जाते आणि पारी आतपर्यंत वाळते. कुरकुरीतपणा म्हणजे पारीतलं पाणी बाहेर जाणं, दुसरं काही नाही.

तासाभरात मऊ पडतात त्याचं कारण सारण. आलूत जवळपास ८० टक्के पाणी असतं. पारी अर्धवट वाळलेली असली की ती आतला ओलावा ओढून घेते, आणि वर झाकण लावलं की वाफ परत तिच्यावरच बसते. म्हणून आलू सालीसकट अख्खा उकडा, चिरून उकडू नका. सोलून ताटात पसरून पूर्ण गार करा. गरम सारण भरलं की पारी आतून ओली झालीच.

मांजराकाठची (मंगळवार, सकाळी ११.१०)

अगं बाई, मोहन कडकडीत कशाला? शंकरपाळ्याला घालतो तसं घालायलीस तू. समोशाला तूप नुसतं पातळ झालेलं, कोमट पुरे. मी निम्मं तूप आणि निम्मं तेल घेते. नुसत्या तुपाची पारी गार झाली की घासात जड लागते.

आणि कांदा काढ सारणातून. कांद्याला पाणी सुटतं. कांदा कटात जाऊ दे, वरून कच्चा घे.

कट मी सांगते, तो कुणी नीट सांगितला नाही अजून. पन्नास माणसांना सहा लिटर तरी लागंल. अर्धा किलो कांदा चुलीवर नाहीतर गॅसवर सालीसकट काळा होईपर्यंत भाजायचा. पाव किलो सुकं खोबरं भाजायचं. लसणाचे दोन गड्डे, बोटभर आलं, मूठभर कोथिंबीर. सगळं पाट्यावर जमलं तर पाट्यावर, नाहीतर मिक्सरला अगदी बारीक. तेल सढळ हातानं घ्यायचं. त्यात काळं तिखट करपू न देता घालायचं, लगेच वाटण, आणि कडेनं तेल सुटेपर्यंत परतायचं. मग उकळतं पाणी. गार पाणी घातलंस तर तर्री वर येत नाही.

आता खरी गोष्ट. चार-पाच चमचे येसर गार पाण्यात कालवून उकळत्या कटात घाल. नुसता कट समोशावर टाकला की खाली वाहून जातो, येसर घातला की समोशाला धरून राहतो. आमच्याकडं लग्नाच्या आधी येसर-मेतकूट करायची रीत आहे. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे भाजून दळलेलं असतं, त्यामुळे भाजल्याचा वास कटाला आपोआप येतो. तुझ्या मामांच्या हॉटेलवाल्यानं बेसन लावलं असंल, येसर लावून बघ.

नांदेडकर (मंगळवार, दुपारी १.३०)

सारणाबद्दल बोलतो. नांदेडला हुजूर साहिबमुळे पंजाबी मंडळींची ये-जा बारमाही असते. त्यांच्या हातचा समोसा खाल्ला तर त्यात अख्खे धने भरडून, सोप (बडीशेप), अनारदाणे, आणि आलू हातानं फोडलेला, लगदा केलेला नसतो. आपण पावभाजीसारखा घोटतो तिथे चव जाते. धने आणि सोप तेलात टाका, आलं-मिरचीचा ठेचा परता, मग आलूच्या फोडी, वरून आमचूर. हळद मी घालत नाही. हळद घातली की तो आलूबोंड्याचा मसाला होतो.

बालाघाटी (मंगळवार, दुपारी २.०५)

नांदेडकर भाऊंशी सहमत. आमच्याकडं मटार मिळायचा तेव्हा, थंडीत, घालायचो. बाकी दिवसांत भाजून अर्धवट कुटलेले शेंगदाणे. दाताखाली आले की बरं वाटतं, आणि ते थोडा ओलावाही शोषतात. साठ समोशांना सव्वादोन ते अडीच किलो आलू घ्या. वडील सुरुवातीला करडईच्या तेलात तळायचे, ज्यांनी ती चव घेतलीय त्यांना ती आठवते. तुमच्या मामांनाही विचारून बघा. घाण्याचं करडई तेल मिळालं तर थोडं तरी कटाला वापरा.

देवगिरीचा वाटाड्या (मंगळवार, रात्री ९.१५)

ताई, तुमच्या लेकीच्या प्रश्नासाठी हा प्रतिसाद. दौलताबादच्या किल्ल्यावर लोकांना फिरवताना हा विषय माझ्या बोलण्यात हमखास येतो.

समोसा हा शब्द फारसी 'संबोसग'वरून आलेला. इराण आणि मध्य आशियातला हा पदार्थ. अकराव्या शतकात गझनीच्या दरबाराचा इतिहास लिहिणाऱ्या बैहकीनं त्याचा उल्लेख केलाय. आपल्याकडे दिल्लीच्या सुलतानांच्या काळात तो आला. अमीर खुस्रोनं सरदारांच्या खाण्यातले मांस, तूप आणि कांद्याचे समोसे नोंदवलेत.

यानंतरचा दुवा आपल्या मातीशी जोडलेला आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३४च्या सुमारास दिल्लीत पोचला आणि मुहम्मद तुघलकाच्या चाकरीत राहिला. शाही जेवणात कोणत्या क्रमानं काय वाढतात ते त्यानं लिहून ठेवलंय. त्यात 'संबूसक' आहे: खिमा, बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा आणि मसाले पातळ पोळीत गुंडाळून तुपात तळलेले, प्रत्येकापुढे चार-पाच ठेवायचे. आणि हा तुघलक म्हणजे तोच, ज्यानं १३२७ साली राजधानी देवगिरीला हलवून तिला दौलताबाद केलं. इब्न बतूता स्वतः पुढे दौलताबादला येऊन गेला. इथल्या द्राक्षांचं आणि डाळिंबांचं त्यानं कौतुक केलंय, वर्षातून दोनदा फळतात म्हणून. मराठ्यांच्या जेवणाबद्दल लिहिलंय की भात, भाज्या आणि तिळाचं तेल. म्हणजे एकाच माणसाच्या लेखणीतून समोसाही आलाय आणि आपलं ताटही.

अकबराच्या काळच्या 'आईन-ए-अकबरी'त तर स्पष्ट म्हटलंय की 'कुताब' नावाच्या पदार्थाला हिंदचे लोक संबुसा म्हणतात.

या सगळ्यात आलू कुठेच नाही, आणि मिरचीही नाही. दोन्ही अमेरिका खंडातून पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आल्या. आलूची लागवड इंग्रजांच्या काळात पसरली. म्हणजे आलूचा समोसा मूळ समोशाहून कित्येक शतकांनी लहान आहे. लेकीला सांगा, पारी इराणची, आलू अमेरिकेचा, आणि वरचा कट आपला.

भडकल दरवाजा (मंगळवार, रात्री ११.३०)

वाटाड्या भाऊंनी खिम्याचं लिहिलं म्हणून राहवलं नाही. आमच्या घरी रमजानमध्ये अजूनही जो समोसा होतो तो त्या जुन्या समोशाच्या जास्त जवळचा आहे. त्याला जाड पारी नसते, पट्टी असते.

पट्टी अशी करायची: मैद्याचं मऊसर पीठ, मोहन अगदी नावाला. चार छोट्या पुऱ्या लाटून प्रत्येकीवर तेलाचं बोट आणि कोरडा मैदा, एकीवर एक ठेवायच्या आणि सगळ्या मिळून एक मोठी पातळ पोळी लाटायची. तव्यावर दोन्ही बाजूंनी नुसती शेकायची, डाग पडू द्यायचे नाहीत. गरम असतानाच चारही पदर वेगळे करायचे. मग लांब पट्ट्या कापायच्या आणि ओल्या फडक्यात ठेवायच्या. पट्टीचं एक टोक तिरकं दुमडलं की खिसा होतो, त्यात सारण, आणि त्रिकोणावर त्रिकोण दुमडत जायचं. शेवटी मैद्याची खळ लावून बंद. अम्मी आणि आम्ही तिघी बहिणी शाबानच्या, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्याच्या, शेवटच्या आठवड्यात बसून पट्ट्या करायचो, शेकडो. अम्मीच्या पट्टीतून पलीकडचं वर्तमानपत्र दिसायचं.

हा समोसा तीन-चार मिनिटांत तळून होतो, कारण पट्टी आधीच अर्धी शिजलेली असते. याला तेल मध्यम गरमच हवं. बालाघाटी दादांचा मंद तेलाचा नियम इथे चालत नाही, पट्टी तेल पिते.

खिमा नको असेल तर कांद्याचा करा. उभा पातळ कांदा, हिरवी मिरची, पुदिना, आणि कांद्याचं पाणी शोषायला कोरडे पोहे. हैदराबादच्या इराणी हॉटेलांत मिळतो तो हाच. आमच्या पाहुण्यांकडे लग्नात लुखमीही असते, चौकोनी, खिम्याची. लुक्मा म्हणजे घास, त्यावरून नाव. लोक तिला हैदराबादची म्हणतात, पण आसफजाही, म्हणजे निजामांची, राजधानी १७६३पर्यंत आमच्या औरंगाबादेतच होती, आणि मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत त्याच राज्यात होता. त्यामुळे तिकडची आणि इकडची चूल मी वेगळी मानत नाही.

मांजराकाठची (बुधवार, सकाळी १०.००)

आपा, खिम्याच्या जागी मी गोडंबी (बिब्ब्याच्या आतला गर) आणि मुगाच्या डाळीचं कोरडं सारण करते. डाळ भिजवून तेलात परतायची, अगदी मोकळी होईपर्यंत. गोडंबी बदामासारखीच लागते आणि आपल्याच रानातली. तुळजापूरला जाताना डब्यात न्यायचो, चार दिवस टिकायचे.

पूर्णाकाठ (बुधवार, रात्री ८.२०)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज अर्धा किलो मैद्याचे करून बघितले. मोहन ११० ग्रॅम, निम्मं तूप निम्मं तेल, कोमट. मूठ वळली. पीठ इतकं घट्ट होतं की आपलं काहीतरी चुकतंय असं वाटलं, तरी पाणी वाढवलं नाही. पहिला घाणा बघून मी आत्याबाईंना हाक मारली. एकही फोड नाही, रंग सगळीकडे सारखा, आणि दोन तासांनी मोडला तेव्हा कट्‌ आवाज आला.

पण दुसऱ्या घाण्याला पुन्हा फोड आले. पीठ तेच, सारण तेच. हे कसं?

बालाघाटी (बुधवार, रात्री ८.४५)

पहिल्या घाण्याच्या शेवटी रंगासाठी आच वाढवली होती ना? तेल तसंच कडक राहिलं आणि तुम्ही दुसरा घाणा सोडला. प्रत्येक घाण्यानंतर गॅस बंद करून पाच-सात मिनिटं थांबा, वाटलं तर वाटीभर गार तेल घाला. पुन्हा गोळी टाकून बघा, मगच पुढचे.

रविवारसाठी याहून सोपी रीत सांगतो, हॉटेलात आम्ही हेच करायचो. सकाळी सगळे समोसे मंद आचेवर नऊ-दहा मिनिटं तळून पांढरटच काढा. पाटीत पसरून ठेवा. पाहुणे बसले की जरा तापलेल्या तेलात चार मिनिटं दुसऱ्यांदा तळा. पहिल्या तळणीत रंगासाठी आच वाढवायचं कामच नाही, त्यामुळे घाणे पाठोपाठ निघतात. दहा-दहाचे सहा घाणे, सव्वा तासात मोकळ्या.

फूडटेकवाला (बुधवार, रात्री ९.३०)

दोनदा तळल्यानं पारी जास्त वाळते, म्हणून ती जास्त वेळ टिकतेही. फक्त पहिल्या तळणीनंतर पूर्ण गार होऊ द्या, आणि चार-पाच तासांत दुसरी तळण उरका. उकडलेल्या आलूचं सारण उन्हाळ्यात दिवसभर बाहेर ठेवू नये.

पूर्णाकाठ (रविवार, रात्री १०.५०)

आत्ता भांडी आवरून बसले. चौसष्ट समोसे झाले. सकाळी सात वाजता पहिली तळण, दुपारी साडेबाराला दुसरी. तीन सांध्याला फुटले, माझ्या नणंदेनं भरलेले होते आणि तिनं मसाला जरा जास्त घातला होता. सारणात शेंगदाणे, धने, सोप, आमचूर. कांदा नाही, हळद नाही. कट येसर लावून. काकू, तो समोशाला खरंच धरून राहिला, ताटात पाणी सुटलं नाही. करडईचं तेल मिळालं नाही, शेंगदाण्याचं वापरलं.

मामांना पहिली प्लेट दिली. त्यांनी चमच्यानं समोसा फोडला, कट घेतला, आणि खाऊन झाल्यावर म्हणाले, "त्याच्या कटात एवढी चव नव्हती." मग अजून एक मागितला. संध्याकाळी नणंदेची पोरं निघाली तेव्हा मामांनी मला वर्तमानपत्राचा कागद आणायला लावला आणि प्रत्येकाला दोन-दोन समोसे स्वतः बांधून दिले. सुतळी त्यांनीच शोधून आणली.

मुलीनं वाटाड्या काकांचा प्रतिसाद सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. आता तिला दौलताबादला जायचंय.

आपा, पुढच्या आठवड्यात पट्टीचे कांदा समोसे करणार आहे. पोहे जाड घेऊ का पातळ?

भडकल दरवाजा (रविवार, रात्री ११.२०)

पातळ. आणि कांद्याला आधी मीठ लावू नका, भरायच्या अगदी वेळेला घाला. आधी लावलं तर जे पाणी सुटेल ते पोह्यांनाही आवरणार नाही.